अण्णांनी अंडी घातली

बर्फाचा कारखाना बंद पडून कित्येक वर्षं झाली होती, पण त्या संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. पूर्वी जिथे बर्फाच्या लाद्या रचायचे तिथे आता माणसं रचली होती. बायका पुढे, पुरुष मागे, आणि ज्यांना आत शिरताच आलं नाही ते खिडक्यांच्या गजांना लटकलेले. सगळ्यांच्या माना वर. छताखालच्या अंधुक उजेडात लांबलचक शेपटीचे, पारदर्शक पंखांचे किडे सळसळत फिरत होते. एक वळला की दुसरा, दुसऱ्यामागून तिसरा.

"आले! आले!" पुढून कुणीतरी ओरडलं आणि मागच्या चार-पाच जणांना हुंदका फुटला.

"हात काय जोडता? हाक मारा!" मंचावरून सांजबाबा गरजले. "आपलंच माणूस आहे. घरच्या माणसाला कुणी दुरून नमस्कार करतं का?"

सांजबाबा हे नाव लोकांनीच पाडलेलं. हा गृहस्थ दिवसभर कुणाला दिसायचा नाही. सूर्य मावळला की मंचावर यायचा आणि मिट्ट काळोख पडायच्या आत उठून जायचा. तेवढ्या वेळात तो ज्याच्या-त्याच्या मेलेल्या माणसाची भेट घडवून आणायचा.

"मंडळी, गेलेले कुठेही जात नाहीत," तो सांगत होता. "ते फक्त वेळ बदलतात. दिवस तुमचा, रात्र देवाची, आणि मधली सांज माझी! या जिवाला आपल्या भाषेत म्हणतात चतुर. का बरं चतुर? नाव ठेवणारे आपले वाडवडील काय वेडे होते? माणूस मेल्यावरच खरा शहाणा होतो, म्हणून चतुर!"

काय टाळ्या पडल्या! मग झुरळाला झुरळ का म्हणतात आणि ढेकणाला ढेकूण का, हे विचारायची मला फार इच्छा झाली होती. पण माझ्या दोन्ही बाजूंना रडणारी माणसं होती, म्हणून गप्प बसलो.

माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना स्वच्छ दिसावं यावर माझं पोट चालतं, त्यामुळे अंधारात चालणाऱ्या धंद्यांवर माझा आधीपासूनच राग. त्यात पहिल्या रांगेत, मंचाला जवळजवळ नाक लावून, माझी सख्खी आई बसली होती.

आधी नंबर लागला लाकडाच्या वखारीच्या मालकांचा. हे वखारवाले म्हणजे दाराच्या चौकटीत न मावणारा माणूस. त्यांची बायको मागच्या वर्षी गेली. बाबांच्या शिष्याने आतल्या खोलीतून एक काळी शाल आणली आणि त्यांच्या खांद्यावर पांघरली. सगळे श्वास रोखून बघत राहिले. थोड्या वेळाने शालीच्या घडीतून एक चतुर हळूहळू वर चढला आणि छातीपाशी लटकून राहिला.

"बघा, कंबर बघा!" बाबा म्हणाले. "कमरेत बारीक ती बाई, अंगाने भरदार तो पुरुष. आत्मा देह टाकतो, घडण टाकत नाही!"

"आलीस का गं लाडके?" वखारवाल्यांचा आवाज एवढासा झाला होता. खोटं कशाला सांगू, त्या एका क्षणी मलाही भरून आलं. माणूस फसतो तो काही उगाच नाही. त्याचं कुणीतरी खरंच गेलेलं असतं.

मग आईचा नंबर. शाल आली, पांघरली गेली, घडीतून चतुर निघाला. हा चांगला भरदार होता.

"माई, यजमान आलेत. विचारा!" बाबा म्हणाले. "पंख शांत राहिले तर होकार. थरथरले तर नकार."

आईने डोळे बारीक केले. तिला तो दिसत नव्हताच, शालीवर कुठेतरी एक काडी आहे एवढंच दिसत असणार. तरी तिने खाली मान घालून, माझ्या वडिलांशी, अण्णांशी, ते असताना बोलायची त्याच सुरात विचारलं, "अहो, डोळ्याचं ऑपरेशन करायचं म्हणताहेत. करू का?"

क्षणभर काही नाही. मग पंख थरथरायला लागले, असे की शालीचा काठसुद्धा हलला. आणि फुर्रकन तो चतुर उडून गेला.

"नकार!" बाबांनी निकाल दिला. "त्यांचे एवढे मोठे डोळे आहेत ना, माई? आता ते बघतील तुमच्यासाठी."

आई समाधानाने हसली.

आईचा मोतीबिंदू पूर्ण पिकला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की डोळ्यातला दाब वाढायला लागलाय, आता चालढकल केली तर नजर जाईल आणि एकदा गेलेली परत येणार नाही. ऑपरेशन करणारे सर्जन महिन्यातून एकदाच आमच्याकडे येत, आणि ते शुक्रवारी येणार होते.

"अण्णा नको म्हणालेत," घरी आल्यावर आईने जाहीर केलं.

"आई, अण्णा होते तेव्हा त्यांचं एक तरी ऐकलंस का तू?"

"म्हणून तर आता ऐकतेय," ती म्हणाली आणि डोळे पुसायला लागली.

मी समजावलं, रागावलो, बायकोने समजावलं. डॉक्टर स्वतः फोनवर बोलले. आईचं एकच पालुपद, नको म्हणालेत. शेवटी मी ताईला फोन लावला.

माझी ताई दुसऱ्या शहरात कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. संध्याकाळी लोक फिरायला जातात, ही गुडघाभर चिखलात जाळी घेऊन उभी असते. संधिप्रकाशात उडणारे चतुर हा तिचा अभ्यासाचा विषय. आईला हे कधीच पटलं नाही. "लोकांच्या मुली परदेशी गेल्या, आमची डबक्यात गेली," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

मी ताईला सगळं सांगितलं.

"काय म्हणाला तो? परत सांग. कमरेत बारीक ती बाई?"

"आणि भरदार तो पुरुष. का गं?"

ती जी हसायला लागली ती थांबेचना. मी वैतागून म्हटलं, "अगं, आईचा डोळा जायची वेळ आलीय आणि तुला हसायला काय येतंय?"

"येते रे मी उद्या," ती कशीबशी म्हणाली. "डॉक्टरांना सांग, शुक्रवारचा नंबर रद्द करू नका."

बुधवारी दुपारी ती आली. बॅग ठेवली, आईच्या पाया पडली, "चिखल धुऊन आलीस ना?" हे ऐकून घेतलं आणि मला घेऊन थेट बर्फाच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला गेली. तिथे मोरीचं पाणी साचून मोठं डबकं झालं होतं. मागच्या खोलीच्या खिडकीची एक फळी निघालेली. तिथून आम्ही आत डोकावलो.

आत गारवा, ओल आणि काळोख. भिंतीवर गोणपाटं टांगलेली आणि त्या गोणपाटांवर चतुरच चतुर! कपडे वाळत घालावेत तसे ओळीने लटकलेले, डोकी वर, शेपट्या खाली, अगदी निपचित.

"अगंबाई!" ताई कुजबुजली. बाबाला पकडायला आलोय हे ती साफ विसरली होती. "अरे, हे सांजचतुर! दिवसभर असेच अंधारात लटकतात, दिवस मावळला की डास-चिलटं खायला निघतात. तो बघ, कपाळावर काळी खूण असलेला. त्याच्या शेजारचा हिरवट छातीचा, ती वेगळी जात. त्या कोपऱ्यातल्याच्या पंखांना चहाच्या पाण्यासारखी झाक आहे, दिसली? ती तिसरी. आणि ते कमरेजवळ निळे ठिपके! चार जाती एका खोलीत! जगभरात यांच्या शंभराच्या आसपास जाती आहेत, बहुतेक उष्ण, ओल्या भागांत. आणि त्यांच्यातल्या बऱ्याच अशा, की कुणी धड बघितलेल्यासुद्धा नाहीत, कारण हे निघतात तेव्हा माणसं घरी चहा पीत असतात. तुझा बाबा लबाड असेल, पण जागा काय झकास शोधलीय!"

"ताई, आपण आईसाठी आलोय."

"हो हो. ते टोपल्यांमध्ये काय आहे?"

टोपल्यांमध्ये फळं होती. गेलेल्या माणसाच्या आवडीचं फळ आणायचं, असा बाबांचा नियम होता. आईने अण्णांसाठी नेलेली केळी तिथेच काळी पडून सडत होती आणि त्यांच्यावर चिलटांचे ढग घोंगावत होते.

"जेवायचं ताट मांडलंय की," ताई म्हणाली. "सडकी फळं, त्यावर चिलटं, चिलटांवर चतुर. तरीच तू म्हणालास, पुढे मंचापाशी एवढा धूप जाळतात. हा सडका वास झाकायला!"

तेवढ्यात शिष्य आत आला. त्याने गोणपाटावरून एक चतुर पंख मिटवून अलगद उचलला, दाराच्या फटीतल्या उजेडात धरून त्याची कंबर न्याहाळली, मान डोलावली आणि काळ्या शालीच्या घडीत सारून दिला. दुसरा उचलला, तो भरदार, त्याला दुसऱ्या शालीत टाकला. रविवारच्या बाजारात भेंडी निवडावी इतक्या सराईतपणे.

"चल, आत्ताच्या आत्ता लोकांना बोलावतो!" मी उसळलो.

ताईने माझी कॉलर धरली. "आणि काय होईल? आई म्हणेल, शालीत ठेवले तर ठेवले, होते ना ते अण्णाच? अरे, तिला शाल नकोय, अण्णा हवेत. तो किडा अण्णा असूच शकत नाही, हे सगळ्यांसमोर दिसायला हवं."

"आणि ते थरथरणं?"

"उडायच्या आधी हे पंख थरथरवून अंग गरम करतात. थंडीत गाडी सुरू होईना की आपण इंजिन तापवत बसतो ना, तेच. दिवस मावळताना लगेच विचारलं तर किडा झोपलेला, म्हणजे होकार. जरा उशिरा विचारलं की नकार. आधी कुणाला बोलवायचं आणि नंतर कुणाला, ते बाबा ठरवतो. डोळे बरे झालेलं माणूस त्याच्या काय कामाचं?"

गुरुवारी संध्याकाळी आई, ताई, मी आणि माझी बायको असे चौघं गेलो. माझ्या हातात अण्णांची गुलाबाची कुंडी, माती चांगली चिखल होईपर्यंत भिजवलेली. ताईने आईला एवढंच सांगितलं होतं, की अण्णा रोज संध्याकाळी कुंडीतली माती बोट घालून बघायचे, ती त्यांना दाखवू या. आई इतकी खूश झाली की तिने वाटेत ताईचा हात सोडला नाही. ताईचा चेहरा मात्र पडला होता. आपल्या आईचा एवढा आनंद मोडायला निघालेल्या मुलीचा चेहरा आणखी कसा असणार?

शाल आली. भरदार चतुर वर चढला.

"महाराज," ताई उभी राहिली. "मी यांची मुलगी. अण्णांना त्यांच्या कुंडीतल्या मातीवर टेकवू का? रोज संध्याकाळी बोट घालून बघायचे ती."

बाबांना हे इतकं आवडलं की त्यांनी स्वतःच घोषणा केली. "का नाही? मंडळी, बघा! लेक बापाला मातीला लावतेय!"

ताईने दोन बोटांत पंख मिटवून चतुर उचलला आणि शेपटीचं टोक ओल्या मातीवर टेकवलं. क्षणभर तो नुसताच टेकून होता. मग त्याने शेपटी वाकवली आणि मातीत खुपसली. काढली, परत खुपसली.

"ओळखली! माती ओळखली!" बाबा ओरडले. "बोट घालून बघताहेत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आईचे डोळे भरून आले. ताईने शांतपणे चतुर माझ्या बायकोच्या ओढणीवर ठेवला, टॉर्च पेटवला आणि मला म्हणाली, "भिंग दे."

दुकानातलं सगळ्यात मोठं भिंग मी खिशात घालून आणलं होतं. ताईने मातीचा वरचा थर टाचणीने उकरला. "वखारवाले काका, तुमची नजर चांगली आहे. बघता का जरा काय आहे ते?"

वखारवाले वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"पांढरं-पांढरं आहे काहीतरी. बारीक बारीक. लांबट दाणे."

"काय असेल?"

"अंडी वाटताहेत हो," वखारवाले म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे… अण्णांनी अंडी घातली?"

मग मागच्या खिडकीतून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"अण्णांचा नवा जन्म स्त्रीचा आहे!" बाबांनी झटकन तोंड उघडलं. लबाड माणसाची जीभ कधी रिकामी नसते. "आत्म्याला स्त्री-पुरुष भेद नसतो!"

"परवा तर होता," ताई म्हणाली. "भरदार तो पुरुष, कमरेत बारीक ती बाई. आत्मा घडण टाकत नाही, हे तुमचंच वाक्य. महाराज, तुम्ही माणसांच्या हिशेबाने गेलात आणि नेमकं उलटं निघालं. या चतुरांमध्ये बारीक कमरेचा असतो तो नर, भरदार असते ती मादी. मादीच्या शेपटीखाली दोन दातांचा काटा असतो, चिखलात अंडी घालायला. नराला तो नसतो. माझ्यावर विश्वास ठेवू नका. भिंग इथे आहे, चतुर मागच्या खोलीत हवे तेवढे आहेत. ज्याला शंका असेल त्याने स्वतः बघावं."

लोक उठलेच. शिष्य दारात आडवा झाला, पण वखारवाल्यांनी त्याला उचलून बाजूला ठेवलं. मग काय विचारता! गोणपाटं, शाली, सडकी केळी, सगळं बाहेर आलं. भिंग हातोहात फिरायला लागलं. बारीक कंबर, काटा नाही. भरदार, काटा आहे. परत बारीक, काटा नाही. रडत आलेली माणसं डोकी एकत्र करून किड्यांच्या शेपट्या बघत होती, आणि ताई मध्ये उभी राहून कपाळावरची खूण कुठे, निळे ठिपके कुठे, हे अशी शिकवत होती जणू कॉलेजातच आहे.

"म्हणजे," वखारवाले भिंग खाली ठेवत म्हणाले, "मी इतके दिवस एका बाप्याला लाडके म्हणत होतो?"

सगळा कारखाना हसला. आधी वखारवाले लाल झाले, मग तेही हसायला लागले, इतके की खाली बसले. या गडबडीत सांजबाबा मागच्या दाराने सटकायला निघाले आणि अंधारात सरळ डबक्यात पडले. बाहेर काढलं लोकांनी. त्यांना पोलिसांच्या हवाली करून वखारवाले परत आले तेव्हा त्यांच्या सदऱ्यालाही चिखल लागला होता.

आईकडे मात्र कुणाचंच लक्ष नव्हतं. ती कुंडीपाशी एकटी बसली होती. तिने भिंग उचललं, मातीजवळ नेलं, लांब केलं, परत जवळ आणलं.

"आई," ताई तिच्याजवळ टेकली. "चुकलं का गं माझं?"

"म्हणजे तो किडा माझ्याशी बोलत नव्हता तर," आई म्हणाली. "पुन्हा एकदा गेले गं ते." ती रडली, ताई रडली, मीही उगाच लांब उभा राहून चष्मा पुसत बसलो. आईला अण्णा असे दोनदा गमवायला लावणाऱ्या त्या माणसाचा मला तेव्हा जो राग आला, तो अजून गेलेला नाही.

मग आईने नाक पुसलं. "अंडी कुठे आहेत?"

"ही काय, इथे, माझ्या बोटाशी."

"मला नाही दिसत."

"आई, टॉर्च जवळ धरू?"

"काही उपयोग नाही. धुकं आहे नुसतं." तिने भिंग ठेवून दिलं आणि आवाज चढवला. "अख्ख्या गावाला दिसली आणि माझ्याच नवऱ्याची अंडी मला दिसत नाहीत? परवा तो म्हणाला अण्णा आले, मी म्हटलं आले. आज तू म्हणतेस अंडी आहेत, मी म्हणायचं आहेत. म्हणजे मी आपली कायम दुसऱ्याच्याच डोळ्यांनी बघायचं का?"

ताईने टॉर्च बंद केला.

"उद्या किती वाजता बोलावलंय डॉक्टरांनी?" आईने विचारलं.

ऑपरेशन उत्तम झालं. पट्टी सुटली तेव्हा ताई एका जाळीच्या डबीत नर-मादी दोन्ही घेऊन हजर होती. आईने माझ्याकडे बघितलं नाही, सुनेकडे बघितलं नाही, आधी डबी मागून घेतली. पाच मिनिटं निरखून झाल्यावर म्हणाली, "हा बारीक कमरेचा, तो पुरुष?"

"हो."

"कशावरून?"

ताईने दाखवलं. आईने उलटसुलट करून बघितलं, पटलं तेव्हा मान हलवली. आणि तेव्हापासून आम्हा सगळ्यांच्या नाकी नऊ आले आहेत. गोळी दिवसातून दोनदा घ्यायची, कशावरून? या औषधाने सांधे दुखायचे थांबतात, कुणी सांगितलं, त्याने कुणावर करून बघितलं? परवा मी तिला नवा चष्मा दिला, तर माझ्याच दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर विचारते, नंबर बरोबर आहे कशावरून? पुन्हा तक्ता लावायला लावला मला आणि सगळी अक्षरं स्वतः वाचून बघितली.

तुम्हालाही कधी कुणी अंधारात बसवून काही अद्भुत दाखवेल. त्याला शिव्या देऊ नका, हातही जोडू नका. दिवा लावा आणि आमच्या आईसारखं एवढंच विचारा, "कशावरून?" खरं असेल तर त्याचं काही बिघडत नाही. आमच्या चष्म्याचा नंबर बरोबर निघाला.